एकटीचं गाणं

बातमी ऐकून वाईट वाटायच्या आधी टॉर्किलला यमक सुचलं. संशोधन कार्यालयाची प्रमुख सिडसेल कॉफीच्या खोलीचं दार लोटून घेत, आवाज होईल तेवढा मऊ करून म्हणाली, "इंगेरलिसे या महिनाअखेरीस थांबतेय," आणि टॉर्किलच्या डोक्यात लगेच वाजलं: इंगेरलिसे, खुर्ची रिकामी दिसे. मग चाल आली, शाळेत सगळ्यांनी घोकलेली, कुठलेही शब्द अंगावर घेणारी. वाईट वाटलं ते त्यानंतर, आणि तेही जरा घुटमळत. त्या वेळी त्याच्या तोंडात इंगेरलिसेनेच सकाळी आणलेल्या केकचा घास होता, तिच्या फ्यून बेटावरचा ब्रुन्सविगर, वर लोणी आणि काळ्या साखरेचा थर दिलेला. तो थर टाळूला चिकटला. थुंकून टाकावासा वाटला. समोर सिडसेल उभी होती म्हणून त्याने गिळला, आणि गिळता गिळता दुसरी ओळसुद्धा तयार झाली. स्वतःच्या डोक्याची त्याला इतकी शिसारी आली की त्याने नळ सोडून दोनदा चूळ भरली.

"तुला धक्का बसणार हे मला माहीत होतं," सिडसेल म्हणाली.

"थांबतेय म्हणजे? ती थांबतेय की आपण थांबवतोय?"

सिडसेलने मान एका बाजूला कलती केली. समोरच्याचं ऐकून घेण्याचा तिचा तो ठरलेला कोन होता. कसल्याशा शिबिरातून शिकून आली होती. "सिग्रिड आता स्मरणपत्रं स्वतःच पाठवते, टॉर्किल. कुठला करार कुणाच्या टेबलावर अडकलाय तेही तीच सांगते. इंगेरलिसेसाठी मग उरतं काय? हे तिच्याबद्दल नाहीये. कामाबद्दल आहे." सिग्रिड कुणी बाई नव्हती. प्राध्यापकांची अनुदानं, करार, अहवाल या सगळ्यांचा हिशेब एका जागी ठेवणारी ती नवी संगणकप्रणाली होती. विद्यापीठात प्रणालीला बाईचं नाव द्यायची रीतच पडली होती. रजा मागायची ती फ्रेया, प्रवासाची बिलं भरायची ती रिगमोर. सांगतील तेव्हा उठणारी, कधी न कुरकुरणारी बाई प्रत्येकाला हवीच असते, टॉर्किलच्या मनात आलं. "आणि चाचणी संपून सिग्रिड रीतसर सुरू होते तोही नेमका इंगेरलिसेच्या शेवटच्या दिवसाचा शुक्रवार," सिडसेलचा चेहरा उजळला होता. "मला असं सुचलं, एकच समारंभ करू. एक बाई जाते, एक बाई येते! तुझ्यासारख्याला त्यात काय काय सापडेल. आठ-दहा कडवी, हलकीफुलकी. कुणाला बोचणार नाही असं."

टॉर्किल कार्यालयात अंदाजपत्रकं तपासायचा. पण त्याला सगळे ओळखायचे ते कचेरीचा भाट म्हणून. कोपनहेगनातल्या कुठल्याही कचेरीत असा एक असतोच. माणूस पन्नाशीचा होवो, नोकरी सोडो, नाही तर नवं छपाईयंत्र येवो, गाणं लागतं. ओळखीच्या चालीवर त्या माणसाच्या खोड्या रचायच्या, कागद छापून लाल फितीने गुंडाळायचे, प्रत्येक ताटापाशी एकेक ठेवायचा, आणि सगळ्यांनी मिळून गायचं. ज्याच्यावर गाणं असेल त्याने आधी लाजायचं, मग हसायचं, शेवटी डोळे टिपायचे. टॉर्किलला हे इतकं हातात बसलं होतं की लोक त्याला कॉरिडॉरमध्ये अडवून म्हणत, माझ्या वेळी जरा दया दाखव हं. त्याला ते आवडायचं. आवडायचं हे आठवूनसुद्धा आता त्याला कसंसंच झालं.

संध्याकाळी सायकलवरून घरी जाताना तळ्याकाठच्या वाटेवर हंसांनी केलेली घाण चाकांना लागत होती. वारा समोरून येत होता आणि त्यात डिझेलचा नि कुजक्या पानांचा वास मिसळला होता. त्याला वसंतातली ती दुपार आठवली. सिग्रिड विकणाऱ्या कंपनीचा आस्गर नावाचा तरुण गृहस्थ बूट काढून, मोज्यांवर कार्यालयाच्या बैठकीच्या खोलीत हिंडत होता. तोंडाला सदा पुदिन्याचा वास. त्याने सगळ्यांना पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या, म्हणाला, दिवसभर काय काय करता ते एकेका चिठ्ठीवर लिहा आणि भिंतीवर आपापल्या नावाखाली डकवा. इंगेरलिसेच्या नावाखालची रांग पार जमिनीला टेकली. फोन केला. उचलला नाही. पुन्हा फोन केला. उचलला, पण बाई दुसरीच होती. लोक पोट धरून हसले, तीही हसली, म्हणाली, "मी तर नाताळचं झाडच झाले रे!" मग आस्गरने विचारलं, "यातलं काय काय सिग्रिड करू शकेल?" आणि एकेक चिठ्ठी उपटायला सुरुवात केली. एक उपटली की टाळ्या. सगळ्यांनी वाजवल्या. इंगेरलिसेनेही वाजवल्या, तळहात तळहातावर आपटून, कोंबड्या हुसकावतात तशा. शेवटी तिच्या नावाखाली एकच चिठ्ठी उरली, झाडांना पाणी घालणे, आणि सगळ्यात मोठा हशा त्या चिठ्ठीला मिळाला. हे त्या दिवशी कुणालाच वावगं वाटलं नव्हतं. कॉफी चांगली होती आणि बाहेर ऊन पडलं होतं.

बरं, इंगेरलिसेवर त्याचा फार जीव होता म्हणावं तर तेही नाही. ती समोर बसायची. रोज दुपारी राय धान्याच्या काळ्या पावावर व्हिनेगरमध्ये मुरवलेला हेरिंग मासा घेऊन टेबलावरच खायची, आणि तो आंबूस वास त्याच्या कागदांना तीन वाजेपर्यंत सोडायचा नाही. सतत गुणगुणायची. तिची फ्यूनची बोली म्हणजे साधी वेळ विचारली तरी गाणं म्हटल्यासारखी. आणि कामाच्या नावाने आनंदच होता. एकाच प्राध्यापकाला दोनदा स्मरणपत्र, ज्याने अहवाल दिलाय त्याला तिसऱ्यांदा. एकदा तर नेदरलंड्सला जायचा करार पोर्तुगालला गेला, आणि पोर्तुगालवाल्यांनी सह्या करून परत पाठवला. सिग्रिड असलं काही करत नव्हती. सिग्रिड खरोखरच बरी होती, आणि नेमकी हीच गोष्ट घशात अडकायची. यंत्र वाईट असतं तर त्याचा राग करून मोकळं होता आलं असतं. त्याला राग येत नव्हता, किळस येत होती, आणि ती ठेवायला जागा सापडत नव्हती. सिडसेलच्या कलत्या मानेवर ठेवावी तर ती घसरून आस्गरच्या मोज्यांवर जायची, तिथून हेरिंगवर, तिथून फिरून त्याच्याच जिभेवर यायची.

"मी लिहिणार नाही," त्याने घरी बायकोला सांगितलं. मार्ग्रेथे ओट्याशी बटाटे सोलत होती.

"शाब्बास. कुणी तरी नाही म्हणायलाच हवं होतं." मग जरा वेळाने तिने विचारलं, "तिला मुलंबाळं आहेत का?"

"कुणाला?"

"अरे, इंगेरलिसेला. जिच्यासाठी तू हुतात्मा होतोयस तिला."

टॉर्किलला माहीत नव्हतं. नवरा होता, असावा; एकदा ती दोन आठवडे आली नव्हती आणि परत आल्यावर सगळ्यांनी तिला फुलांची कुंडी दिली होती. लग्नाचा वाढदिवस होता की कुणी गेलं होतं, ते त्याला आठवेना. कुंडीवर चिकटवायच्या कार्डावर सही मात्र त्याने केली होती, सगळ्यांच्या सह्यांच्या मधोमध, मोठी, वळणदार.

दुसऱ्या दिवशी त्याने सिडसेलला नकार दिला. रात्रभर घोळवलेली वाक्यं होती ती, आणि म्हणताना त्याला थंडीत समुद्रात डुबकी मारून वर आल्यासारखं लख्ख वाटत होतं. जिला आपण घालवतोय तिच्याकडूनच हसून घ्यायचं आणि वर टाळ्या मागायच्या, हे माझ्याच्याने व्हायचं नाही, वगैरे. सिडसेलने सगळं ऐकून घेतलं. "तू मनातलं बोललास हे मला फार मोलाचं वाटतं," ती म्हणाली आणि उठून तिने त्याला चक्क मिठी मारली. तिच्या स्वेटरला कपडे धुण्याच्या साबणाचा इतका गोड वास होता की त्याने श्वास रोखून धरला. त्याला भांडण हवं होतं. ती तर त्याचं लख्खपण हातात घेऊन, वाहवा करून, आपल्या खणात ठेवून मोकळी झाली होती. तरीही तो जागेवर परतला तेव्हा पावलं हलकी पडत होती. स्वतःवर इतका खूश तो बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

तासाभराने इंगेरलिसे त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. चष्मा गळ्यातल्या दोरीवर लोंबत होता.

"तू माझं गाणं नाकारलंस म्हणे."

"कोण म्हणालं?"

"सिडसेल. म्हणे पारदर्शकता हवी. खरं की खोटं?"

"तुझं नाही नाकारलं. त्यांचं नाकारलं."

"त्यांचं कसलं? जाणार मी. गाणं माझं."

"इंगेरलिसे, त्यांनी तुला काढलंय. आणि वर मी त्याच्यावर गमतीजमती रचायच्या? मला लाज वाटते."

"वाटू दे की," ती म्हणाली. "घरी ने, धू, वाळत घाल. माझ्या दोरीवर कशाला आणतोस?" आवाज चढला नव्हता, त्या गात्या बोलीत तो चढल्याचं कळायचंही नाही. "अरे, इतकी वर्षं मी इथे सगळ्यांची गाणी गातेय. त्या दारुड्या वकिलाचं गायलं. ती पोरगी, आली काय, बाळंतपणाला गेली काय, तिचं गायलं. बाळ झाल्यावर बाळाचंसुद्धा गायलं! आणि माझी पाळी आली तर ह्याच्या पोटात तत्त्वं दुखायला लागली."

टॉर्किलच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सकाळचं लख्खपण कुठल्या कुठे गेलं आणि खाली जे उरलं त्याला ओल्या फडक्याचा वास येत होता. "बरं," तो म्हणाला. "लिहितो."

"आणि त्या सिग्रिडबरोबर नाही हं. मला माझं एकटीचं हवंय."

"एकटीचं."

"हेरिंग नको."

"म्हणजे?"

"माशाबद्दल एक अक्षर नको. मी गुणगुणते ते नको. फ्यूनची बोली नको. तो पोर्तुगालचा करार तर मुळीच नको. ते सगळ्यांना तोंडपाठ आहे, त्याला गाणं कशाला?"

"मग लिहू तरी काय?"

तिने चष्मा लावला आणि त्याच्याकडे पाहिलं. जवळून तिचे डोळे फिकट हिरवे होते. हे त्याला पहिल्यांदाच कळलं. "समोर बसतोस ना रे?" ती म्हणाली. "बघ की काय दिसलं ते. एक कडवं असलं तरी चालेल मला. पण माझं हवं."

सिडसेलला त्याने सांगितलं, गाणं करतो, पण ते फक्त इंगेरलिसेचं. "ठीक आहे," ती म्हणाली, "मग सिग्रिडला केक देऊ." आणि तो पाहायला लागला. इतकी वर्षं ज्या बाजूला बघायचं टाळलं त्या बाजूला मुद्दाम बघणं हे काही सोपं नव्हतं. ती अंडं सोलायची आणि कवचं एका रुमालात गोळा करायची. करड्या स्वेटरची उजवी बाही कोपराशी रफू केलेली होती. रफू कुणी केलं? फोनवर ती कुणा प्राध्यापकाला सांगत होती, "हो रे बाबा, शुक्रवारपर्यंत आहे मी. मग तुला सिग्रिड लिहील. नाही, तिच्याशी बोलता येत नाही. मी तरी कुठे ऐकून घेत होते?" आणि पलीकडचा माणूस काही तरी बोलला त्यावर ती बराच वेळ हसत राहिली. काय बोलला असेल? टॉर्किलने न राहवून विचारलं, "इंगेरलिसे, तू सुट्टीत कुठे जातेस गं?"

"हेरिंग नको म्हटलं, आता हेरगिरी सुरू केलीस? आपलं आपण शोध."

त्याने शोधलं. लाज गुंडाळून सिग्रिडमध्ये तिचं नाव टाकलं. एकही पत्र निघालं नाही. इतक्या वर्षांची तिची हजारो स्मरणपत्रं, आणि पडद्यावर एक ओळ: या नावाने काही सापडत नाही. आस्गर त्या आठवड्यात प्रत्येकाच्या खुर्चीमागे उभा राहून सिग्रिड शिकवत होता. तो खांद्यावरून वाकला, पुदिना कानाशी आला. "जुनी पत्रं ना? सगळी आलीत आत, एकही गळलं नाही. फक्त पाठवणारा माणूस हयात लागतो. म्हणजे कामावर लागतो. शुक्रवारी तिचं खातं बंद होणार. मग पत्रं अनाथ होतात, आम्ही त्यांना अनाथच म्हणतो. म्हणून सगळी सिग्रिडच्या नावावर करून टाकली. हे बघ." त्याने एक कळ दाबली आणि पत्रांची रांग भराभर खाली सरकू लागली. प्रत्येकाखाली सिग्रिड. ज्या काळात सिग्रिड कुणाच्या कल्पनेतही नव्हती त्या काळातली पत्रं. टॉर्किलने एक उघडलं. "प्रिय प्राध्यापक, तुमचा अहवाल अजून आलेला नाही. मी रागावलेली नाही, पण मला रागावता येतं. आमच्या घरी मला सगळे घाबरतात, फक्त कुत्रा सोडून. तुमची, सिग्रिड."

त्याला हसू फुटलं. पाठोपाठ ओकारी यावी तशी किळस आली. बाईला काढलं ते काढलं, तिचा कुत्रासुद्धा त्या यंत्राला देऊन टाकला! तो ताडकन उठला, आस्गरला बाजूला सारून बाहेर जाऊन उभा राहिला. पावसाची भुरभुर चालू होती, सिगारेटींची थोटकं ठेवायच्या डब्यात पाणी साचून पिवळट काढा झाला होता, आणि तो त्या डब्याकडे बघत मार्ग्रेथेला हे सगळं कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत राहिला. वाक्यं चांगली जुळत होती. त्या नादात आत जाऊन आणखी चार पत्रं वाचावीत, तिच्या घरी कोण कोण तिला घाबरतं ते बघावं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. आपल्याला किळस येते म्हणजे आपण निदान इतरांसारखे नाही, एवढंच त्याला त्या डब्यापाशी उभं राहून वाटत होतं, आणि तेवढं त्याला पुरत होतं.

गुरुवारी संध्याकाळी जेवण झाल्यावर तो लिहायला बसला. हिरवे डोळे, असं लिहिलं आणि खोडलं. प्रेमगीत व्हायला लागलं होतं. रफू केलेली बाही, लिहिलं. ते गरिबीवर बोट ठेवल्यासारखं झालं. कुत्रा आठवला, पण कुत्र्याचं नाव माहीत नव्हतं, आणि तो जिवंत आहे की मेलाय तेही. समारंभात मेलेला कुत्रा निघाला म्हणजे झालं. अंड्याची कवचं. फोनवरचं हसू. प्रत्येक ओळ चार शब्द चालायची आणि हेरिंगपाशी येऊन बसकण मारायची, कारण त्याला तिच्याबद्दल खरोखर जे माहीत होतं ते नाकाने माहीत होतं. त्याने जुनी गाणी उघडली, निदान सूर लागेल म्हणून. वकिलाचं, बाळाचं, छपाईयंत्राचं. त्याने ती एकापाठोपाठ एक वाचली. सकाळी लवकर येणारा, कॉफीत जीव असणारा, उन्हाळ्यात समुद्रकाठच्या घराकडे धावणारा तोच एक माणूस सगळ्या गाण्यांमधून हिंडत होता. दारुड्या वकिलाचा कोट घालून, बाळाचं झबलं घालून. सगळे हसले होते. सगळ्यांनी डोळे टिपले होते.

मग आनेमेटेचं गाणं निघालं. आनेमेटे काही वर्षांपूर्वी त्यांच्याकडे होती. जटलंडमधल्या घोडे पाळणाऱ्या एका माणसाच्या प्रेमात पडली आणि एका सोमवारी नोकरी सोडून हसत निघून गेली. गाणं छान झालं होतं. टॉर्किलने ते नुसतं गुणगुणून पाहिलं. आनेमेटे, इंगेरलिसे. वजन तेच. घोड्यांचं कडवं काढलं तरी तीन कडवी उरत होती, आणि त्यांत मासा नव्हता, बोली नव्हती, गुणगुणणं नव्हतं, म्हणजे तिच्या सगळ्या अटी पाळल्या जात होत्या. त्याने नाव बदलून पाहिलं. बसलं. कुठे अडत नाही, टोचत नाही. आता यात खोटं ते काय, तो स्वतःला म्हणाला, कॉफी तीही पितेच. आणि असली गाणी लक्षात कोण ठेवतं? कागदी ताटांबरोबर कचऱ्यात जातात. पाहता पाहता त्याला बरंच वाटायला लागलं, चांगलं सुतारकाम झाल्यावर वाटतं तसं. त्याने कागद छापले आणि मार्ग्रेथेकडून लाल फीत मागून घेतली.

"कशावर लिहिलंस शेवटी?" तिने विचारलं.

"तिच्यावरच," तो म्हणाला.

शुक्रवारी खानावळीच्या मागच्या खोलीत टेबलं जोडून पांढरे कागद अंथरले होते. पावावरचे कोळंबीचे थर तापलेल्या खोलीत सुकून वाकले होते. मधोमध सिग्रिडचा केक होता, भला मोठा चौकोनी, वर निळ्या साखरेत तिचं बोधचिन्ह. आणि भाषणं लांबतील म्हणून सिडसेलने तो आधीच कापायला लावला होता. निळा रंग सुटत होता. दात, ओठ, जिभा, सगळं निळं. सिडसेल निळ्या तोंडाने इंगेरलिसेच्या "ऊबदार उपस्थिती"बद्दल बोलली, आस्गरने निळ्या तोंडाने सांगितलं की इतक्या खुल्या मनाचा गट त्याने उभ्या देशात पाहिला नाही, आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्या बोटांनाही निळं लागलेलं होतं. टॉर्किलला बघवेना. त्याने काचेच्या भांड्यात स्वतःचं तोंड पाहिलं. तेही निळंच होतं. केक त्यानेही खाल्ला होता, एक नव्हे, दोन तुकडे. इंगेरलिसे सिडसेलच्या शेजारी बसली होती. ती केस कापून आली होती आणि रफूचा स्वेटर नव्हता, गर्द लाल ब्लाउज होता, इस्त्रीच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या इतका नवा. तिच्या ताटात केक नव्हता. फितीतला कागद तिने दोन्ही हातांत धरला होता, अजून न सोडता, आणि ती त्याच्याकडे बघून किंचित हसली. ते हसू घ्यायला त्याच्याकडे कुठे जागाच नव्हती; त्याने खिशातून चष्मा काढला आणि पुसत बसला.

फिती सुटल्या. खुर्च्या सरकल्या. कुणी तरी सूर दिला आणि सगळे गायला लागले. पहिलं कडवं सकाळी लवकर येण्याचं. माफक हशा झाला, इंगेरलिसे कागदावर बोट ठेवून गात होती. मग ध्रुवपद आलं:

इंगेरलिसे, इंगेरलिसे, किती गं तुझी घाई!
तुझ्यावाचून कॉफीलाही चव म्हणून नाही!

टॉर्किल गाता गाता थांबला. काल कानाला हे लागलं नव्हतं. आनेमेटेला घाई होती, तिच्यासाठी घोडे नि माणूस थांबले होते. आणि आता ही चाळीस-पन्नास निळी तोंडं, जिला त्यांनीच दाराबाहेर काढलं तिला लाडाने विचारत होती, किती गं तुझी घाई. सिडसेल डोलत होती. तिने तर इंगेरलिसेच्या खांद्यावर हात ठेवला होता. गाणं थांबवता येत नव्हतं, त्याची चाल सगळ्यांनाच येत होती. दुसरं कडवं सुरू झालं तेव्हा त्याने वर पाहिलं. इंगेरलिसेने कागद टेबलावर उपडा ठेवला होता. ती कागदाशिवाय गात होती, एक शब्द न चुकता, दुसऱ्या ओळीच्या आधीच तिसरीसाठी श्वास घेत. पाठ कधी केलं हिने, त्याला वाटलं, आत्ता तर फीत सोडली. मग ध्रुवपद आलं आणि बाकीच्या आवाजांच्या वर, फ्यूनच्या त्या उघड्या, गात्या आवाजात त्याला नाव ऐकू आलं.

आनेमेटे, आनेमेटे.

सगळे इंगेरलिसे म्हणत होते आणि ती आनेमेटे म्हणत होती. कुजकेपणाने नाही, मुद्दाम जोर देऊनही नाही. ते गाणं जसं होतं तसं, जसं तिने तेव्हा उभं राहून त्या दुसरीसाठी गायलं होतं तसं. टॉर्किलशेजारची बाई त्याच्या कानाशी लागून म्हणाली, "बिचारी, आज स्वतःचं नावसुद्धा विसरली," आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. तिसरं कडवं झालं. शेवटच्या ध्रुवपदाला इंगेरलिसेने सरळ त्याच्याकडे पाहिलं आणि पूर्ण म्हटलं, घोड्यांच्या गावच्या त्या बाईचं नाव दोनदा घेऊन, घाईसकट. सिडसेल ओरडली, "इंगेरलिसेसाठी!" आणि तीनदा हुर्रे झालं, आणि मग रिवाजाप्रमाणे लांबवायचा तो चौथाही हुर्रे झाला. टॉर्किलचं तोंड उघडं होतं आणि त्यातूनही तो आवाज सगळ्यांबरोबर, जरा जास्तच मोठा, बाहेर पडत होता.

लोक उठले, ताटं गोळा व्हायला लागली. इंगेरलिसे टेबलाला वळसा घालून त्याच्यापाशी आली. कागद तिने बरोबर आणला होता. पुन्हा गुंडाळून त्यावर फीत बांधली होती, आधीपेक्षा नीट. तिने तो त्याच्या हातात दिला.

"छान झालं हं गाणं," ती म्हणाली. "तेव्हाही छान झालं होतं."

"थँक्यू," टॉर्किल म्हणाला.